चिपळूणातून बघितलेला डेट्रॉइटचा संप: २०२३ चं एक प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या तीन मोठ्या मोटार कंपन्या आहेत, जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलांटिस. स्टेलांटिस म्हणजे जुनी क्रायसलर, जीप आणि रॅम गाड्या बनवणारी. तिन्ही मिळून साधारण १ लाख ४६ हजार कामगार एकाच युनियनचे मेंबर, युनायटेड ऑटो वर्कर्स, सगळे यूएडब्ल्यू म्हणतात. १४ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्री तिन्ही कंपन्यांचे करार एकदम संपले आणि लगेच संप लागला. तिन्ही कंपन्यांवर एकाच वेळी संप ही त्या युनियनच्या इतिहासातली पहिलीच वेळ. सहा आठवड्यांपेक्षा थोडा जास्त चालला, ३० ऑक्टोबरला शेवटच्या कंपनीशी बोलणी जमली, आणि कामगारांना साडेचार वर्षांत २५ टक्के पगारवाढ मिळाली, त्यातली ११ टक्के लगेच हातात.

आता कोणी म्हणेल की आपल्याला काय त्याचं, कोकणात कुठे गाड्या बनतात. गाड्या बनत नाहीत पण गाड्या बनवणारी पोरं इथूनच जातात ना. चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कुठल्याही वाडीत जा, आयटीआय करून चाकण, रांजणगाव, नाशिकला गेलेला एक तरी पोरगा सापडेल, कोणी पर्मनंट, बरेचसे कॉन्ट्रॅक्टवर नाहीतर ट्रेनी. आणि आमच्यासारखी जी इथेच राहिली ती एमआयडीसीतल्या लहान लहान युनिटमध्ये पार्ट बनवतात, ते पार्ट घाट चढून त्यांच्याच लाइनवर जातात. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला होते, म्हणजे संप लागल्यावर चारच दिवसांनी. सगळी चाकरमानी पोरं घरी. त्या युनियनचा अध्यक्ष शॉन फेन दर शुक्रवारी तिकडच्या सकाळी दहाला लाइव्ह येऊन सांगायचा की आता पुढचा कुठला प्लांट बंद, आणि तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, बरोबर आरतीची वेळ. २२ तारखेला, गौरी पूजनाच्या दिवशी, आरती झाल्यावर ओटीवर बसून सात-आठ पोरं मोबाईलवर तेच बघत होती. कोणाला निम्मं इंग्रजी कळत होतं कोणाला तेवढंही नाही, पण संप म्हटला की काय चाललंय ते लाइनवर उभं राहणाऱ्याला बरोबर कळतं. तेव्हा जी चर्चा झाली त्यावरूनच मी हे प्रकरण नीट वाचायला घेतलं.

मला त्यातून जे दिसलं ते आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. हा संप गेटवर जिंकला नाही. तो आधीच्या काही वर्षांत जिंकला, जेव्हा कामगार गपचूप वर्गणी भरत होते आणि जेव्हा कोणीतरी बसून कुठला प्लांट थांबवला तर कंपनीला कुठे लागेल याचा हिशोब मांडत होतं. आपल्याकडे संप म्हटला की घोषणा, गेट मीटिंग, नेत्याचं भाषण आठवतं, आणि ते सगळं लागतंच, मी नाही म्हणत नाही. पण जे आपल्याकडे होत नाही ते हे हिशोबाचं काम.

राग कशाचा होता

२००७ साली या कंपन्या अडचणीत होत्या तेव्हा युनियनने मान्य केलं की नवीन भरती होणाऱ्यांना जुन्यांच्या जवळजवळ निम्म्या पगारावर घ्यायचं. तासाला १४ डॉलर. पेन्शन पण नवीन लोकांना जुन्यासारखी नाही. मग २००९ ला जनरल मोटर्स आणि क्रायसलर दिवाळखोरीत गेल्या, सरकारने पैसे घालून वाचवल्या, तेव्हा महागाई प्रमाणे वाढणारा भत्ता पण सोडून दिला. आपल्या स्लिपवर डीए लिहिलेला असतो, तसलंच ते. तर एकाच लाइनवर, एकाच स्टेशनला, एकच नट आवळणारे दोन माणसं, एकाला पूर्ण पगार आणि दुसऱ्याला निम्मा. त्यात परत टेम्पररी वेगळे, ते वर्षानुवर्षं टेम्पररीच.

हे वाचताना मला काही नवीन वाटलंच नाही. आमच्या युनिटमध्ये पर्मनंटचा रंग वेगळा आणि ठेकेदाराच्या पोरांचा वेगळा, शर्टावरूनच कळतं कोण कुठला, आणि मशीन मात्र तेच, रिजेक्शन निघालं तर बोलणी पण सारखीच. सात-आठ महिने झाले की ठेकेदाराच्या पोराला ब्रेक, मग परत नवीन नावाने घ्यायचा. हे सगळीकडे चाललंय, चाकणला तर जास्तच.

तिकडे नंतर कंपन्या सावरल्या, नुसत्या सावरल्या नाहीत तर भरपूर नफा कमवायला लागल्या. युनियनचं म्हणणं होतं की दहा वर्षांत तिघींनी मिळून उत्तर अमेरिकेत २५० अब्ज डॉलर नफा केला आणि वरच्या साहेबांचे पगार चार वर्षांत ४० टक्के वाढले. जनरल मोटर्सच्या सीईओ मेरी बारा यांना २०२२ मध्ये जवळपास २ कोटी ९० लाख डॉलर मिळाले होते. म्हणून मागणी पण तेवढीच ठेवली, जवळजवळ ४० टक्के वाढ. साहेबांना ४० तर आम्हाला पण ४०, इतकं साधं गणित. आणि मला वाटतं मागणी अशीच असावी, की रस्त्यावरच्या चहावाल्याला सांगितली तरी एका वाक्यात कळली पाहिजे. आमचा चार्टर ऑफ डिमांड, म्हणजे मागण्यांची यादी बघा, ३०-३५ कलमं, वॉशिंग अलाउन्सपासून गूळ-चण्यापर्यंत सगळं, आणि वाटाघाटीला बसलं की एचआरवाले खालची बारीक कलमं पहिली घेऊन त्यातच दोन महिने घालवतात.

युनियनच्या आतलं पण थोडं सांगायला पाहिजे. ही काही स्वच्छ युनियन होती असं नाही. भ्रष्टाचाराच्या प्रकरणात तिचे दोन माजी अध्यक्ष तुरुंगात गेले होते. त्यानंतर कोर्टाच्या देखरेखीखाली नियम बदलला आणि अध्यक्ष थेट मेंबरांच्या मतांनी निवडायचा ठरलं, आधी तो अधिवेशनातले प्रतिनिधी निवडायचे. शॉन फेन हा इंडियाना राज्यातल्या कोकोमोच्या क्रायसलर प्लांटमधला इलेक्ट्रिशियन, मार्च २०२३ मध्ये फक्त ४८३ मतांनी निवडून आला. सहा महिन्यांनी संप. थेट निवडून आल्यामुळे त्याला मेंबरांशी थेट बोलायला लागत होतं आणि तो बोलतही होता, कंपनीने काय देऊ केलं, आम्ही काय मागितलं, सगळं उघड. एकदा तर स्टेलांटिसचा प्रस्ताव लाइव्हमध्येच कचऱ्याच्या डब्यात टाकला. ऑगस्टमध्ये संपासाठी मतदान घेतलं त्यात ९७ टक्के हो आले. आपल्याकडे वाटाघाटी बंद खोलीत आणि कामगारांना कळतं ते सेटलमेंट झाल्यावर पेढे वाटतात तेव्हा.

पोटाचा हिशोब

इथे जरा थांबतो कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

संप लागला तेव्हा युनियनच्या संप निधीत साधारण ८२ कोटी ५० लाख डॉलर होते. त्या वेळच्या दराने ६,८०० कोटी रुपयांच्या आसपास. हा पैसा कुठून आला? वर्गणीतून. २०१४ च्या अधिवेशनात त्यांनी ठरवलं की महिन्याला दोन तासांच्या पगाराऐवजी अडीच तासांचा पगार वर्गणी म्हणून द्यायचा, आणि तो वरचा अर्धा तास संप निधीसाठी. त्या वेळी कोणाला माहीत होतं की नऊ वर्षांनी काय होणार. पण जमत गेला. २०१९ मध्ये जनरल मोटर्समध्ये ४० दिवसांचा संप झाला तेव्हा संपावर असलेल्याला आठवड्याला २५० डॉलर मिळायचे, संप चालू असतानाच ते २७५ केले. २०२३ पर्यंत ते ५०० वर नेऊन ठेवले होते, म्हणजे संपाच्या आधीच.

५०० डॉलर म्हणजे तेव्हाचे ४१ हजार रुपये होतात असं म्हणून आपण डोळे मोठे करतो पण तिकडच्या खर्चात ते काहीच नाही, घरभाडं आणि किराणा, संपलं. तरी फरक हा की शून्य नाही. शून्य आणि थोडं यात जो फरक आहे ना, तो ज्याच्या घरात संप झालाय त्यालाच विचारा.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, सुमारे अडीच लाख कामगार. त्या अडीच लाखांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं किती होती ते लालबाग-परळच्या चाळी बघितलेल्या कोणालाही माहीत आहे. त्या संपाला निधी होता का? होता की, पण बँकेत नव्हता, तो इथे होता, गावाला. माणसं बायकापोरांना घेऊन गावी आली, जूनमध्ये लावणीला उभी राहिली, भात पिकलं ते खाल्लं, कोणी आंब्याच्या बागेत मजुरीला गेलं, कोणी परत जाताना पोत्यातून तांदूळ आणि कुळीथ नेले. आमच्या वाडीतले एक आजोबा आहेत, गिरणीत विव्हिंगला होते, ते अजून सांगतात, "दोन म्हयने म्हनत व्हते, दोन वर्सं झाली, तरी कोन येऊन बोल्ला न्हाय का संप संपला." खरंच आहे, तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यांच्या घरातली पितळेची भांडी त्या दोन पावसाळ्यांत गेली, हंडा, घंगाळ, मोठी परात, एकेक करत सावकाराकडे. परात शेवटी राहिली होती कारण त्यात भाकऱ्यांचं पीठ मळायचे. मग ती पण गेली.

म्हणजे कोकणाने त्या संपाला जेवढं पोसलं तेवढं पोसलं. पण दीड एकर वरकस जमीन असलेलं घर मुंबईच्या पगाराची जागा किती दिवस घेणार? कामगार कमी पडले असं मला कधीच वाटत नाही. एवढी निष्ठा मी तर कुठे वाचलेली नाही. पण किती आठवडे टिकू शकतो याचा आकडा कोणाच्या कागदावर नव्हता, आणि तो आकडा गिरणी मालकांकडे मात्र असणार. त्यात मुंबईत तेव्हाच्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियन एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, म्हणजे ज्याच्यामागे कामगार होते त्याच्याशी बोलायचं बंधनच मालकांवर नव्हतं. हे सगळं मिळून झालं.

यूएडब्ल्यूचा आकडा कागदावर होता. गणित करून बघा. सगळेच्या सगळे १ लाख ४६ हजार बाहेर काढले तर आठवड्याला ७ कोटी ३० लाख डॉलर लागणार, म्हणजे निधी साधारण ११ आठवड्यांत साफ. पण पहिल्या दिवशी त्यांनी फक्त १३ हजारांच्या आसपास कामगार बाहेर काढले, आठवड्याला ६५ लाख डॉलर. त्या वेगाने निधी वर्षभर पण संपला नसता. कंपनीला पण हे गणित येत होतंच, आणि तेच तर हवं होतं. समोरच्याला कळलं पाहिजे की हे थकून परत येणार नाहीत.

तीन प्लांट, मग अजून, मग अजून

पहिले तीन प्लांट कुठले होते बघा. जनरल मोटर्सचा मिसूरी राज्यात वेंट्झविलचा, फोर्डचा मिशिगनमध्ये वेनचा आणि तो पण फक्त फायनल असेंब्ली आणि पेंट, आणि स्टेलांटिसचा ओहायोत टोलेडोचा, जिथे जीप रँग्लर बनते. प्रत्येक कंपनीचा एकेक. चांगल्या विकल्या जाणाऱ्या गाड्या, पण सगळ्यात मोठा नफा देणारे प्लांट नाहीत. ते मुद्दाम शिल्लक ठेवले. बाकीचे सगळे कामगार कामावर, करार संपलेला असताना कामावर, आणि पगार घेत.

२२ सप्टेंबरला जनरल मोटर्स आणि स्टेलांटिसची मिळून ३८ स्पेअर पार्ट वितरण केंद्रं बंद केली. फोर्डला मात्र सोडलं, कारण फोर्डने बोलणीत पुढे पाऊल टाकलं होतं. हे मला फार आवडलं. तिन्ही कंपन्यांना दर आठवड्याला दिसत होतं की जो देईल त्याचा प्लांट वाचेल आणि जो ताणेल त्याचा जाईल, त्यामुळे तिघी एकमेकींकडे बघत बसल्या. २६ तारखेला राष्ट्राध्यक्ष बायडन स्वतः मिशिगनमध्ये संपाच्या रांगेत येऊन उभे राहिले, पदावर असलेला अमेरिकी राष्ट्राध्यक्ष संपावरच्या कामगारांत जाऊन उभा राहिला हे पहिल्यांदाच झालं. बातमी मोठी होती पण निकाल त्याने लागला असं मला वाटत नाही. २९ तारखेला अजून दोन प्लांट.

मग ११ ऑक्टोबर. बुधवार, शुक्रवार नाही. फोर्डबरोबर मीटिंग झाली, कंपनीने तोच जुना प्रस्ताव परत टेबलावर ठेवला, मीटिंग काही मिनिटांत संपली आणि त्याच संध्याकाळी लुइव्हिलचा केंटकी ट्रक प्लांट बंद. ८,७०० कामगार बाहेर. हा फोर्डचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त कमाईचा प्लांट, मोठे सुपर ड्युटी ट्रक तिथेच बनतात. कंपनीनेच सांगितलं होतं की तिथून वर्षाला २५ अब्ज डॉलरचा माल निघतो आणि दर ३७ सेकंदाला एक गाडी लाइनवरून उतरते. म्हणजे मिनिटाला ४० लाख रुपयांच्या जवळपास. शुक्रवारची वाट बघायची सवय कंपन्यांना लागली होती, ती एका बुधवारी मोडली. २३ ऑक्टोबरला स्टेलांटिसचा स्टर्लिंग हाइट्स, जिथे रॅम ट्रक बनतात, ६,८०० कामगार. २४ ला जनरल मोटर्सचा टेक्ससमधला आर्लिंग्टन, मोठ्या एसयूव्हींचा, ५,००० कामगार. तिन्ही कंपन्यांच्या दुभत्या प्लांटवर बारा-पंधरा दिवसांत घाव. २५ ला फोर्डने मान डोलावली, २८ ला स्टेलांटिसने, ३० ला जनरल मोटर्सने.

आपल्याकडे भाताची शेतं उतारावर असतात, वरच्या शेताचं पाणी अडवलं की खालच्या सगळ्यांना हाक मारून सांगायला लागत नाही, ती आपोआप सुकतात. गाडी बनवायचं काम तसंच आहे, पत्रा, इंजिन, वायरिंग, सगळं ठरलेल्या क्रमाने येतं. त्यामुळे थोडे प्लांट थांबले तरी दुसरे बसायला लागले. आणि कंपन्यांनी पण तेच हत्यार वापरलं, पहिल्याच दिवशी फोर्डने वेनमधल्या संपावर नसलेल्या ६०० जणांना घरी बसवलं, आणि काही दिवसांतच जनरल मोटर्सने कॅन्ससमध्ये सुमारे दोन हजार. हेतू हा की ज्यांना संपात घेतलेलंच नाही त्यांनी युनियनवर चिडावं. युनियनने लगेच जाहीर केलं की अशा प्रत्येकाला संपाएवढेच पैसे आम्ही देऊ. परत तेच, निधी होता म्हणून हे बोलता आलं.

आता चाकणचं घ्या. २५ जून २०१३ ला बजाज ऑटोच्या चाकण प्लांटमध्ये संप लागला. पगारवाढीबरोबर एक मागणी अशी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्या. मला ती मागणी आजही चुकीची वाटत नाही, नफ्यात वाटा मागितला, भीक नाही. ५० दिवस चालला आणि मग मागण्या पदरात न पडता लोक आत गेले. का? मला दिसतं ते असं. कंपनीकडे वाळूजचा प्लांट होता आणि चाकणचं उत्पादन तिकडे हलवू असं कंपनी उघड सांगत होती. कामगारांनी जी जागा अडवली तिला पर्याय होता. केंटकी ट्रकला तसा सोपा पर्याय नव्हता. आणि ५० दिवस पर्मनंट कामगाराने कशावर काढले? आमच्या इकडची जी पोरं तेव्हा चाकण पट्ट्यात होती ती सांगतात की संप ज्या कंपनीत असेल तिथल्या पोरांना रूमचं भाडं, बाइकचा हप्ता, सोसायटीचं कर्ज यातच पहिला महिना जातो, दुसऱ्या महिन्यात घरून फोन येतो.

काय मिळालं आणि काय नाही

पूर्ण पगाराला पोचायला आधी आठ वर्षं लागायची ती तीन झाली. महागाई भत्ता परत आला. करार संपेपर्यंत वरचा पगार तासाला ४० डॉलरच्या वर जाणार, आधी तो ३२ च्या आसपास होता. बऱ्याच टेम्पररी लोकांना पर्मनंट केलं, फोर्डमध्ये ९० दिवस भरलेल्यांना करार पास झाल्यावरच, आणि त्यातल्या काहींचा पगार करार संपेपर्यंत दुपटीच्या वर जाणार. कंपनीने प्लांट बंद करायचा घाट घातला तर त्यावर संप करायचा हक्क लिहून घेतला. इलिनॉयमधला बेल्विडिअरचा प्लांट स्टेलांटिसने फेब्रुवारीत बंद केला होता तो परत सुरू करायचं कबूल करून घेतलं.

न मिळालेलं पण सांगतो. चाळीस टक्के मिळाले नाहीत. ३२ तासांचा आठवडा मिळाला नाही. २००७ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळाली नाही. आणि करारावर मतदान झालं तेव्हा फोर्ड आणि स्टेलांटिसमध्ये ६९ टक्क्यांच्या आसपास हो आले पण जनरल मोटर्समध्ये जेमतेम ५५, काही मोठ्या प्लांटनी तर चक्क नाही म्हटलं, विशेषतः जुन्या कामगारांना वाटलं की नव्यांना भरपूर मिळालं आणि आपल्याला कमी. ही नाराजी मला समजते पण पटत नाही. सगळ्यात खालच्याला सगळ्यात जास्त वाढ दिली म्हणूनच पुढच्या वेळी तो खालचा माणूस गेटवर उभा राहील. आमच्याकडे पर्मनंटची युनियन कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना मेंबर करून घेत नाही, आणि मग संपात तीच पोरं आत मशीन चालवताना दिसली की त्यांना शिव्या घालतात. त्या पोराचं युनियनने काय केलं होतं म्हणून त्याने बाहेर यावं?

बेल्विडिअरचं पण पुढे सरळ झालं नाही, कंपनीने वेळ लावला, युनियनने परत संपाची धमकी दिली, शेवटी २०२५ च्या जानेवारीत कंपनीने सांगितलं की २०२७ मध्ये सुरू करू. करारात लिहिलं म्हणजे झालं असं तिकडे पण नसतं. पण दुसरी बाजू अशी की संप मिटल्यावर महिन्याभरात टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांनी आपल्या अमेरिकेतल्या कामगारांचे पगार वाढवले, जिथे युनियनच नाही तिथे. आणि एप्रिल २०२४ मध्ये टेनेसीतल्या चॅटानूगाच्या फोक्सवॅगन कामगारांनी ७३ टक्के मतांनी यूएडब्ल्यू आत घेतली. पुढच्याच महिन्यात अलाबामात मर्सिडीजमध्ये मात्र युनियन हरली.

आपल्याकडे जसंच्या तसं जमेल का

नाही. केंटकीसारखं संध्याकाळी ठरवलं आणि रात्री बंद, हे आपल्याकडे कायद्यात बसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, तिच्यात कुठल्याही कारखान्यात संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकदम रजा टाकली तर तो पण संपच धरतात. म्हणजे अचानकपणा गेला. तेव्हा जे उरतं ते दोनच, पैसा आणि जागा.

पैशाचं गणित मी आमच्या पोरांना मांडून दाखवलं. धरून चाला १२० पर्मनंट, पगार सरासरी २० हजार, महिन्याचे २०८ तास, म्हणजे तासाला ९६ रुपये. अडीच तासांचे २४०. आज आम्ही वर्गणी देतो त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे पहिल्यांदा सगळे ओरडले. पण तीन वर्षांच्या सेटलमेंटमध्ये एका माणसाचे ८,६४० होतात, सगळ्यांचे मिळून १० लाखांच्या वर. सगळे एकदम बाहेर आले तर प्रत्येकाला एकदाच साडेआठ हजार, म्हणजे रेशन आणि लाइट बिल, महिना जेमतेम. पण जर फक्त हीट ट्रीटमेंटचे वीस जण बाहेर आले, ज्यांच्याशिवाय पुढे एक पीस सरकत नाही, तर त्यांना माणशी ५० हजार होतात. अर्थात अशा वेळी कंपनी बाकीच्यांना पण ले-ऑफ देणार किंवा टाळेबंदी लावणार, फोर्डने तेच केलं, मग ते दहा लाख परत सगळ्यांत वाटले जाणार. म्हणून एका युनिटने हे एकट्याने करून भागत नाही, आजूबाजूच्या चार-पाच युनिटचा मिळून निधी पाहिजे.

एक पोरगा म्हणाला की निधी जमला तरी तो खाणार कोण नाही याची काय गॅरंटी. बरोबर विचारलं त्याने. यूएडब्ल्यूमध्ये पण खाल्लेच होते. पण तिथे लोकांनी वर्गणी बंद केली नाही, मतदानाचा नियम बदलून घेतला. आपण निदान वर्षातून एकदा हिशोब नोटीस बोर्डावर लावायचा आणि खात्यावर सही तिघांची ठेवायची, एवढं तर कोणी अडवत नाही.

आणि जागेचं म्हणाल तर ते ऑफिसातल्या साहेबापेक्षा लाइनवरच्या माणसाला जास्त माहीत असतं. कुठला पार्ट दुसरीकडून मिळतो, कुठला नाही, गोडाऊनला किती दिवसांचा स्टॉक आहे, डिस्पॅच कुठल्या वारी जातो. हे सगळं आपल्याच पोरांच्या डोक्यात आहे, फक्त ते एका वहीत उतरवून एकत्र कधी कोणी बघितलेलं नाही.

शेवटची गोष्ट तारखेची. यूएडब्ल्यूने नवीन करार मुद्दाम ३० एप्रिल २०२८ ला संपेल असा केला, म्हणजे दुसऱ्या दिवशी १ मे, आणि दुसऱ्या युनियननाही सांगितलं की तुमचे करार पण त्याच दिवशी संपतील असे करा. आमच्या एमआयडीसीत माझ्या माहितीतल्या युनिटांच्या सेटलमेंटच्या तारखा सगळ्या वेगवेगळ्या आहेत, कोणाची मार्चमध्ये, कोणाची दिवाळीच्या तोंडावर, एकाची तर संपून दीड वर्ष झालं आणि अजून बोलणीच चालू आहेत. पुढच्या रविवारी आम्ही कमिटी मेंबर बसणार आहोत. ज्यांची युनियन आहे त्यांनी आपल्या सेटलमेंटची झेरॉक्स घेऊन या, शेवटच्या पानावरची मुदतीची तारीख पाहिजे, आणि ज्यांच्याकडे युनियन नाही, ठेकेदाराकडे आहेत, त्यांनी नुसतं आलं तरी चालेल.